ईव्हला वळसा घालून जूल: अपोअ‍ॅप्सिस केर्बिनच्या कक्षेशीच का अडकते?

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडलीय, कॉलेजला सुट्टी आहे, दुर्बीण प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर. त्यामुळं सगळा मुक्काम केर्बल स्पेस प्रोग्राम या रॉकेट उडवायच्या गेममध्ये. (नवख्यांसाठी: त्यातला केर्बिन म्हणजे आपली पृथ्वी, ईव्ह म्हणजे शुक्र, डूना म्हणजे मंगळ, जूल म्हणजे गुरू.)

करिअर मोड आहे. केर्बिनभोवती १०० किमीच्या कक्षेत एक छोटं यान उभं केलंय, त्यात १,३०० मी/से डेल्टा-व्ही (म्हणजे आहे त्या इंधनात वेग जेवढा बदलता येईल तेवढा) उरलाय. जायचंय जूलला. थेट जायचं तर निघतानाच सुमारे १,९३० लागतात, म्हणजे तो विषय संपला. गॅलिलिओ यान शुक्राला वळसा घालून गुरूला गेलं होतं हे माहीत होतं, म्हणून म्हटलं आपणही ईव्हला वळसा घालू.

विंडो (ग्रह जुळून येतात ती निघायची वेळ) बघून १,०२५ मध्ये ईव्ह गाठला. ईव्हचं वातावरण ९० किमीपर्यंत, मी १०० किमीवरून नेतोय, म्हणजे याहून जवळून जायला जागाच नाही. मागून नेलं, पुढून नेलं, वरून नेलं. काहीही करा, बाहेर पडल्यावर सूर्याभोवतीच्या कक्षेचं सर्वात दूरचं टोक, म्हणजे अपोअ‍ॅप्सिस फार तर केर्बिनच्या कक्षेला टेकते आणि तिथंच थांबते. जूल ६.८८ कोटी किमीवर, मी १.३६ कोटीवर. गेममध्ये बग आहे की ईव्ह कमी पडतोय?

तांबडापांढरा

भावा, बूस्टर लाव की आणखी चार. वळसे कसले घालतोस, रिंग रोड हाय व्हय? (हलके घ्या.)

दुर्बीणवाली

बग नाही आणि ईव्हही कमी पडत नाही. एक आकडा सांग: ईव्हच्या प्रभावक्षेत्रात (जिथं गेम फक्त ईव्हचं गुरुत्वाकर्षण धरतो) शिरताना ईव्हच्या तुलनेत तुझा वेग किती दिसतो? पेरिअ‍ॅप्सिसचा (ग्रहाच्या सर्वात जवळच्या बिंदूचा) नको, अगदी त्या क्षेत्राच्या वेशीवरचा.

पंचगंगाकाठ

ताई, ८५०च्या आसपास.

दुर्बीणवाली

वाटलंच. आता सावकाश वाच, कारण निम्मे लोक याच जागी फ्लायबायचा (ग्रहाला असा वळसा घालून जाण्याचा) नाद सोडतात.

फ्लायबायमध्ये ग्रहाच्या नजरेनं तुझा वेग बदलतच नाही. ८५०नं आत आलास, तर वेशीवरून ८५०नंच बाहेर जाणार. मध्ये पेरिअ‍ॅप्सिसला वाढलेला वेग चढताना परत द्यावाच लागतो. बदलते ती फक्त दिशा. शाहू स्टेडियमवर मॅच बघतोस ना? समोरून बॉल येतोय आणि एखादा गडी धावत जाऊन त्याला डोकं लावतो. त्या गड्याला विचारलंस तर बॉल आला तेवढ्याच वेगानं परत गेला. गॅलरीतल्या माणसाला मात्र तो जोरात सुटलेला दिसतो, कारण गड्याचा स्वतःचा धावण्याचा वेग त्यात आला. आपली गॅलरी म्हणजे सूर्य.

म्हणून कागदावर दोन बाण काढ. पहिला ईव्हचा सूर्याभोवतीचा वेग, सुमारे १०,९२० मी/से. त्याच्या टोकाला दुसरा, तुझा ईव्हसापेक्ष वेग, ८४५ धरू. फ्लायबाय या दुसऱ्या बाणाला त्याच्या बुडाभोवती फिरवतो. लांबी तीच. सगळ्यात जास्त फायदा कधी? दुसरा बाण बरोबर पहिल्याच्या दिशेत पडला तर. तेव्हा बेरीज ११,७६५.

आणि केर्बिनहून ईव्हला सर्वात स्वस्त वाटेनं, म्हणजे दोन्ही कक्षांना नुसतं स्पर्श करणाऱ्या लंबवर्तुळावरून आलास, तर ईव्हपाशी पोचतानाच तुझा सूर्यसापेक्ष वेग किती असतो? ११,७६५. म्हणजे तू आत शिरतानाच बाण ईव्हच्या दिशेत सरळ होता. आता तो कुठंही वळव, सूर्यसापेक्ष वेग कमीच होणार. १०० किमीवरून गेलास तर ईव्ह त्या बाणाला जवळजवळ १३८ अंश फिरवू शकतो, ताकद भरपूर आहे. पण वळवून मिळवायचंच काही शिल्लक नाही. तुझी अपोअ‍ॅप्सिस जिथून निघालास तिथंच अडकणार, हे गणितच आहे. ईव्हची कक्षा किंचित लंबगोल आणि २.१ अंश कललेली असल्यामुळं थोडंफार इकडंतिकडं होईल, तेवढंच.

सगळ्यात स्वस्त वाट फ्लायबायसाठी सगळ्यात निरुपयोगी असते. वळवायला आधी लांब बाण हवा.

गंगावेशीतला

+१. वाचनखूण साठवली.

जुना_ऑर्बिटरवाला

दुर्बीणवाली ताईंशी सहमत. खऱ्या शुक्राचंही हेच आहे. पृथ्वीवरून सर्वात काटकसरीच्या वाटेनं शुक्राला गेलं तर वेशीवरचा सापेक्ष वेग साधारण २.७ किमी/से येतो. तेवढ्यावर शुक्राकडून कितीही वळण घ्या, पृथ्वीच्या कक्षेपलीकडं जाता येत नाही.

गॅलिलिओचं नाव निघालंच आहे तर त्याची वाट पूर्ण बघा, कारण धागाकर्त्याचं उत्तर त्यातच आहे. १९८६च्या चॅलेंजर अपघातानंतर शटलच्या पोटातून सेंटॉर हा द्रव इंधनाचा टप्पा न्यायला बंदी आली. उरलेल्या कमी ताकदीच्या टप्प्यावर गुरूला थेट जाणं अशक्य होतं. मग ठरलं शुक्र, पृथ्वी, पृथ्वी, गुरू. १८ ऑक्टोबर १९८९ला निघालं, फेब्रुवारी १९९०मध्ये शुक्र, ८ डिसेंबर १९९०ला पृथ्वी, ८ डिसेंबर १९९२ला पुन्हा पृथ्वी, ७ डिसेंबर १९९५ला गुरू. पृथ्वीच्या दोन्ही तारखा परत वाचा. हा योगायोग नाही.

अवांतर: मी ऑर्बिटर या अंतराळयान सिम्युलेटरवर वाढलेला माणूस. मार्टिन श्वाइगर यांनी २०००मध्ये ते फुकट सोडलं, २०२१मध्ये त्याचा सोर्सही खुला केला. त्यात खरी सूर्यमाला, खरे ग्रह, खरी अंतरं. पडद्यावर हिरव्या रेघा आणि आकडे, बाकी मनोरंजन शून्य. त्यातलं मार्ग आखायचं ट्रान्सएक्स शिकताना डोक्याचा भुगा व्हायचा, पण एकदा कळलं की कळलं. तुमच्या केर्बलमध्ये माऊसनं ओढलं की नोड (कुठं, किती जोर द्यायचा याची नकाशावरची खूण) तयार! सुखी आहात लेको.

मंगळवारपेठ_कट्टा

आपल्या मंगळयानानं पण हीच युक्ती केली ना? पृथ्वीभोवती फेऱ्या मारत मारत वेग वाढवला आणि गोफणीसारखं सुटलं. तेव्हा बातम्यांत सारखं स्लिंगशॉट स्लिंगशॉट चाललं होतं. मग केर्बिनभोवतीच फेऱ्या मारायच्या, ईव्ह कशाला मध्ये?

जुना_ऑर्बिटरवाला

नाही हो. मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ला पीएसएलव्हीनं पृथ्वीच्या लांबट कक्षेत सोडलं. त्यानंतर दर वेळी पृथ्वीच्या जवळ आलं की त्याचं ४४० न्यूटनचं इंजिन थोडा वेळ चालवायचं आणि कक्षेचं दूरचं टोक वाढवत न्यायचं. १ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर शेवटचा जोर दिला आणि ते मंगळाच्या वाटेला लागलं, २४ सप्टेंबर २०१४ला पोचलं. त्यातला वेगाचा प्रत्येक मीटर इंजिनानं दिला. फेऱ्यांनी काही दिलं नाही. फेऱ्या एवढ्याचसाठी, की इंजिन लहान होतं आणि एका दमात सगळा जोर पृथ्वीजवळ देता येणार नव्हता.

मंगळवारपेठ_कट्टा

म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचा फायदा झालाच नाही म्हणता? मग जवळ आल्यावरच इंजिन का चालवायचं? कुठंही चालवा.

दुर्बीणवाली

फायदा झाला, पण तो वेगळा. त्याला ओबर्थ परिणाम म्हणतात. यान जेव्हा वेगात असतं तेव्हा तेवढ्याच इंधनातून जास्त ऊर्जा पदरात पडते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गावर जाते. ग्रहाच्या जवळ वेग सर्वात जास्त, म्हणून तिथं जाळायचं. इंजिन बंद ठेवून मंगळयानानं पृथ्वीभोवती शंभर फेऱ्या मारल्या असत्या तरी कक्षा तीच राहिली असती. फ्लायबायमध्ये दुसऱ्या कुणाच्या तरी चालत्या वेगातून वाटा घ्यायचा असतो, आणि पृथ्वीच्या कक्षेत बांधलेल्या यानाला पृथ्वीकडून तसा वाटा मिळत नाही. तिच्यापासून सुटून सूर्याभोवती फिरून परत आलास, तर मिळतो. गॅलिलिओ तसंच परत आलं.

दोन्ही गोष्टी एकाच धाग्यात आल्या ते बरं झालं, कारण धागाकर्त्याला दोन्ही लागणार आहेत.

मंगळवारपेठ_कट्टा

बरं. ऊर्जा वर्गावर जाते हे पटलं. बातम्यांवरचा राग ठेवतो तसाच.

पंचगंगाकाठ

ताई, बाणाचं कळलं. आता तो लांब कसा करायचा ते सांगा. माझ्याकडं १,३००च आहेत.

दुर्बीणवाली

आता खरी गंमत. वही घे. सगळ्या कक्षा वर्तुळ आणि एकाच प्रतलात धरून आकडे देतेय, गेममध्ये थोडे हलतील.

स्वस्त वाटेसाठी केर्बिनच्या वेशीबाहेर तुझा सापेक्ष वेग ७८० असतो. त्याऐवजी ९०० ठेव. दिशा तीच, केर्बिनच्या चालीच्या उलट. आता तुझी कक्षा ईव्हला नुसती टेकत नाही, ती ईव्हच्या कक्षेच्या आत घुसते आणि तिला तिरकी कापते. त्या छेदावर ईव्ह भेटला तर सापेक्ष वेग येतो सुमारे १,५२५. जवळजवळ दुप्पट.

आणि यासाठी १०० किमीच्या कक्षेतून जादा किती लागले? १,०२५ ऐवजी १,०५६. म्हणजे ३१ मी/से. हा ओबर्थचा प्रताप: केर्बिनजवळ सव्वातीन हजारांच्या वेगात असताना टाकलेले ३१, बाहेर गेल्यावर १२० होऊन निघतात, आणि ते १२० ईव्हपाशी तिरक्या छेदामुळं आणखी फुगतात. इतकं स्वस्त काही या गेममध्ये दुसरं नाही.

पुढं. ईव्हपाशी येताना तुझ्या बाणाचा रोख सूर्याकडं, ईव्हच्या चालीपासून ६४ अंश कललेला. तेवढा वळवून ईव्हच्या चालीच्या दिशेत आणायचाय, म्हणजे ईव्हच्या मागून जायचं. मागून गेलं की ईव्ह पुढं असतो आणि तुला पुढं ओढतो. त्यासाठी १०० किमीवर उतरायची गरजही नाही, साधारण २,४५० किमी उंची पुरते. याहून खाली गेलास तर वळण जास्त होऊन बाण पलीकडं जाईल. माझ्या वर्गातल्या मुलांना हे पटता पटत नाही. जितकं जवळ तितकं चांगलं, असा सगळ्यांचा समज.

बाहेर पडताना सूर्यसापेक्ष वेग सुमारे १२,४४५, अपोअ‍ॅप्सिस १.८२ कोटी किमी. केर्बिनची कक्षा ओलांडलीस.

पंचगंगाकाठ

नाद खुळा ताई! पण १.८२ कोटी म्हणजे अजून डूनासुद्धा नाही (२.०७). जूल तर कुठंच.

दुर्बीणवाली

अपोअ‍ॅप्सिस बघू नकोस, केर्बिनच्या कक्षेला कुठल्या कोनात छेदतोस ते बघ. त्या छेदावर केर्बिन असेल तर त्याच्या तुलनेत तुझा वेग येतो सुमारे २,८००. निघालास ९००नं, परत आलास २,८००नं. मध्ये ईव्हकडून बाण वळवून घेतलास एवढंच. आणि केर्बिनहून थेट जूलला जायला वेशीबाहेर किती लागतात? सुमारे २,७१०. म्हणजे लांबी पुरली.

फक्त दिशा चुकीची आहे. तुझा बाण सूर्यापासून जवळजवळ सरळ बाहेर, केर्बिनच्या चालीपासून ९६ अंशांवर. तो पूर्ण वळवून चालीच्या दिशेत आणायचाय. आणि आता अडचण. २,८०० हा वेग केर्बिनसाठी फार आहे. जितका वेगात जाशील तितकं वळण कमी. केर्बिनचं वातावरण ७० किमी, समज ८० किमीवरून गेलास, तरी वळण मिळतं ४६-४७ अंश. एका फ्लायबायमध्ये भागत नाही.

जुना_ऑर्बिटरवाला

म्हणून दोन तारखा!

दुर्बीणवाली

बरोबर काका, म्हणून दोन तारखा. पहिल्या फ्लायबायमध्ये साधारण ३३ अंश वळवायचे, म्हणजे नंतरची कक्षा बरोबर दोन केर्बिन-वर्षांची होते. केर्बिनच्या दोन फेऱ्या, तुझी एक, आणि तू त्याच जागी त्याला पुन्हा भेटतोस. पुन्हा २,८००च. आता उरलेले ४६ वळवून घ्यायचे. बाण चालीच्या दिशेपासून १६ अंशांवर येतो आणि अपोअ‍ॅप्सिस जाते ७ कोटी किमीवर. जूल ६.८८वर.

सगळं मिळून १,०५६ आणि वाटेतल्या किरकोळ दुरुस्त्या. थेट वाटेपेक्षा पावणेनऊशे मी/से वाचले. किंमत वेळेत मोजायची.

तांबडापांढरा

हे वाचून मी बूस्टर काढून ठेवले. काटा किर्रर्र!

शिरोली_नाइटशिफ्ट

गणित ताईंनी सांगितलं, आता गेममधली कामं सांगतो. फाउंड्रीत भट्टीवर मेल्ट होईस्तोवर मोबाईलवर वाचत होतो, आता घरी येऊन टाइप करतोय.

पहिलं म्हणजे सेटिंग. केर्बल पुढचे मोजकेच टप्पे रंगवून दाखवतं. ईव्ह, केर्बिन, केर्बिन, जूल एवढं एकाच वेळी नकाशावर बघायचं तर गेम बंद करून सेटिंगच्या फाईलमध्ये कॉनिक पॅच लिमिट शोधायचं आणि ३ असेल तर ६ करायचं. फार वाढवू नका, रेघांचा गुंता होतो. करिअरमध्ये ट्रॅकिंग स्टेशन आणि मिशन कंट्रोल दुसऱ्या लेव्हलला नसतील तर हे काही दिसणारच नाही, आधी पैसे तिकडं घाला.

नोड लावला की नकाशात ईव्हवर फोकस करा. ईव्हच्या नजरेतून वाकडी रेघ दिसते, तिची पेरिअ‍ॅप्सिस कुठल्या बाजूला आहे ते तिथंच कळतं. सूर्याच्या नजरेतून बघून फ्लायबाय जमवायला गेलात तर सकाळ होईल. एकदा का ईव्ह फोकसमध्ये घेतला की नोडचा प्रोग्रेड (चालीच्या दिशेतला जोर) अर्धा-पाऊण मीटर हलवून बघा, पेरिअ‍ॅप्सिस हजारो किलोमीटर सरकते.

त्यातून पुढचा मुद्दा. निघताना जोर देताना एखादा मीटर इकडंतिकडं होतोच. त्याची दुरुस्ती ईव्हजवळ पोचून करू नका. निघाल्यावर लवकर, निम्म्या वाटेच्या आत. तिथं दोन-तीन मी/सेमध्ये जे होतं, त्याला ईव्हच्या वेशीवर शंभर लागतील. मोठं इंजिन असेल तर राइट क्लिक करून थ्रस्ट लिमिटर ५ टक्क्यांवर आणा, नाहीतर एका टिचकीत पुढं जाल. आरसीएस (यान हलकंच ढकलणारे छोटे थ्रस्टर) असेल तर सोन्याहून पिवळं.

ईव्हच्या २.१ अंश कलाचं ताई ओझरतं बोलल्या, पण खेळताना तोच घोळ घालतो. ईव्हला भेटून बाहेर पडलेली कक्षा जरा जरी कललेली राहिली तरी केर्बिनच्या प्रतलाच्या वरून किंवा खालून जाते आणि भेट होत नाही. फ्लायबायच्या वेळी ईव्हच्या थोडं उत्तरेला किंवा दक्षिणेला पेरिअ‍ॅप्सिस सरकवून हा कल मारता येतो, फुकटात. नोडवर जांभळी मूठ थोडी ओढत बघायची.

प्रभावक्षेत्राची वेस ओलांडताना टाइम वॉर्प (गेममधली वेळ भरभर पळवणं) कमी करा. फुल वॉर्पमध्ये वेस ओलांडली की मार्ग किंचित बदलतो, आणि फ्लायबायमध्ये किंचित म्हणजे पुढच्या भेटीला लाखो किलोमीटर.

पंचगंगाकाठ

दादा, लई उपकार. पण ईव्हनंतर केर्बिन त्या जागी असेलच कशावरून? सगळं जमतं पण तो दुसरीकडंच असतो.

शिरोली_नाइटशिफ्ट

ती खरी डोकेदुखी. ईव्हसाठीची विंडो केर्बिनच्या साधारण ६८० दिवसांनी येते (तिथला दिवस ६ तासांचा, वर्ष ४२६ दिवसांचं), पण दर विंडोला ईव्हनंतर केर्बिन सापडतोच असं नाही. आणि शेवटी जूलही जागेवर पाहिजे. हातानं शोधायचं तर ९०० ऐवजी ८५० पासून १,१०० पर्यंत सरकवत बघावं लागतं, ईव्हच्या कक्षेच्या आत जातानाच्या छेदावर किंवा बाहेर येतानाच्या छेदावर, दोन्ही. कंटाळा असेल तर फ्लायबाय फाइंडर नावाचं बाहेरचं साधन आहे, ग्रहांचा क्रम द्यायचा, ते तारखा काढून देतं. ट्रॅजेक्टरी ऑप्टिमायझेशन टूल त्याहून जबरदस्त आहे, पण ते शिकण्यात एक पावसाळा जाईल.

गंगावेशीतला

मी म्हणतो ईव्हच कशाला? नासाचं जुनो यान तर शुक्राला गेलंच नव्हतं. पृथ्वीवरून निघालं आणि पृथ्वीलाच वळसा घालून गुरूला गेलं.

जुना_ऑर्बिटरवाला

बरोबर, आणि ती वाट सोपीही आहे. ऑगस्ट २०११मध्ये निघालं, मंगळाच्या कक्षेपलीकडं जाऊन २०१२मध्ये तिथं इंजिन चालवलं, ९ ऑक्टोबर २०१३ला पृथ्वीला तिरकं छेदत परत आलं, जुलै २०१६मध्ये गुरू. सूर्यापासून दूर टोकाला थोडा ब्रेक मारायचा की पृथ्वीपाशी परतताना छेद तिरका होतो, बाण लांबतो. तत्त्व तेच, तिरकेपणा ग्रहाऐवजी इंजिननं आणला.

पण त्यासाठी आधी दोन वर्षांच्या कक्षेत जावं लागतं.

दुर्बीणवाली

आणि केर्बलमध्ये त्याला १०० किमीच्या कक्षेतून सुमारे १,३०० लागतात. पंचगंगाकाठची टाकी तिथंच रिकामी, दूरच्या टोकाला ब्रेक मारायला काही नाही. ज्याच्याकडं १,५००-१,६०० आहेत आणि तारखा जुळवत बसायचा वैताग आहे, त्यानं जुनोच्या वाटेनं जावं. ज्याच्याकडं नाहीत त्यानं ईव्ह. मला स्वतःला ईव्हवालीच आवडते, पण ती आवड झाली.

तांबडापांढरा

एक शंका, खरोखरची. एवढा वेग आपण ईव्हकडून काढून घेतला तर ईव्ह हळू होत नाही का? रोज पाच-पन्नास यानं नेली तर?

जुना_ऑर्बिटरवाला

खऱ्या सूर्यमालेत होतो. व्हॉयेजर-२नं १९७९मध्ये गुरूकडून जेवढं घेतलं तेवढं गुरूचं कमी झालं, फक्त गुरूच्या वस्तुमानापुढं ते मोजण्याजोगं नाही. केर्बलमध्ये मात्र अजिबात होत नाही. तिथले ग्रह ठरलेल्या रुळावरून फिरतात, यानाचा त्यांच्यावर काही परिणाम नाही. त्यामुळं तुमच्या गेममध्ये ऊर्जा खरोखर हवेतून येते. भौतिकशास्त्राचा एवढा एक नियम तिथं सर्रास मोडतो आणि कुणी तक्रार करत नाही.

अवांतराला अवांतर: १९६१मध्ये मायकेल मिनोविच या विद्यार्थ्यानं संगणकावर अशा वाटांची गणितं केली होती. एका ग्रहाच्या गुरुत्वाकर्षणावर दुसरा ग्रह गाठणारं पहिलं यान मरिनर-१०, फेब्रुवारी १९७४मध्ये शुक्र आणि मार्चमध्ये बुध. आणि तिथं शुक्राचा उपयोग वेग *कमी* करायला झाला, कारण सूर्याकडं जायचं होतं. ग्रहाच्या पुढून गेलं की वेग कमी होतो. मोहोला (गेममधला बुध) जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

गंगावेशीतला

काका, यावर वेगळा धागा काढा. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

पंचगंगाकाठ

अपडेट. नवीन विंडो धरून निघालो. निघताना १,०६३ लागले (केर्बिन जुळवायला ९०० नाही, ९२०च्या आसपास ठेवावा लागला). ईव्हच्या वेशीवर १,६०० जवळ. उंची ताई म्हणाल्या त्याहून कमी पडली, १,९०० किमी. केर्बिनची पहिली भेट झाली, दोन वर्षांच्या कक्षेत ८५२ दिवस काढले, मधे ७ मी/से दुरुस्ती. दुसरी भेट ७८ किमीवरून. पडद्यावर केर्बिन भस्सकन् येऊन गेला, हात थरथरत होते. आत्ता अपोअ‍ॅप्सिस ६.९७ कोटी, आणि जूलच्या प्रभावक्षेत्राची रेघ उमटलीय!!! टाकीत १९०च्या आसपास उरलेत.

आता पुढचं संकट. जूलपाशी वेशीवर १,८८० दाखवतंय. १९०मध्ये थांबणार कसं? जूलच्या वातावरणात घासून?

तांबडापांढरा

जगात भारी! स्क्रीनशॉट टाक रे.

शिरोली_नाइटशिफ्ट

हीट शील्ड नसेल तर जूलच्या वातावरणात शिरायचा विचार सोडून दे. सोलर पॅनेल किती आहेत तेही बघ. सूर्यापासून केर्बिनच्या पाचपट लांब म्हणजे वीज ४ टक्क्यांवर येते. आरटीजी (अणुऊर्जेवर चालणारं वीजयंत्र) नसेल तर अँटेनासुद्धा चालायची मारामार. बॅटरी भरून ठेव आणि डेटा पाठवायचं काम एका वेळी एकच.

दुर्बीणवाली

अभिनंदन रे! थांबायला जूलचा चंद्र टायलो वापर. त्याचा आकार केर्बिनएवढा, वातावरण नाही, आणि जूलभोवती २,०३० मी/सेनं फिरतो. तू १,८८०नं आत आलास की टायलोच्या कक्षेपाशी तुझा वेग साधारण ३,४३५ होतो. तिथून जूलच्या तावडीतून सुटायला २,८७० पुरतात, म्हणजे तुला साडेपाचशेच्या वर कमी करायचेत.

आता बाण पुन्हा. टायलोच्या चालीच्या दिशेतच त्याला गाठलंस तर सापेक्ष वेग १,४००. त्याच्या *पुढून*, ३० किमी उंचीवरून गेलास तर बाण ८८ अंश वळतो, जवळजवळ काटकोनात. बाहेर पडताना जूलसापेक्ष वेग अडीच हजारांच्या आसपास. २,८७०च्या खाली, म्हणजे जूलभोवती पकडला गेलास, इंजिन न लावता.

हे जमायला तुझ्या मार्गाची जूलजवळची पेरिअ‍ॅप्सिस टायलोच्या कक्षेच्या जरा आत असायला हवी, म्हणजे भेट जवळजवळ समांतर होते. तिरकी झाली तर सापेक्ष वेग वाढतो आणि वळण कमी पडतं. टायलो नेमका तिथं असावा म्हणून जूलला पोचायची वेळ पुढंमागं करावी लागेल. ते आत्ताच कर, अजून लांब आहेस. वीसएक मी/सेमध्ये पोचण्याची वेळ दीड-दोन दिवसांनी सहज सरकते.

पंचगंगाकाठ

टायलोच्या पुढून म्हणजे नकाशात कुठल्या बाजूला?

शिरोली_नाइटशिफ्ट

टायलोवर फोकस कर. तो ज्या दिशेनं चाललाय त्या अंगाला तुझी पेरिअ‍ॅप्सिस दिसली पाहिजे. आणि बाहेर पडल्यानंतरच्या रेघेची जूलजवळची पेरिअ‍ॅप्सिस २०० किमीच्या वर आहे ना बघ, तिथंच वातावरण सुरू होतं. खाली दिसली तर टायलोची उंची ३० ऐवजी ६०-७० करून बघ, रेघ वर उचलते का ते लगेच कळेल.